परिच्छेद तुमचा, परिच्छेद आमचा

राजकीय मूल्ये परस्परविरुद्ध असलेल्या महासत्तांमध्ये सामंजस्य कसे नांदावे, याचा आदर्श नमुना म्हणून अमेरिकी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या चीन दौऱ्यात, फेब्रुवारी १९७२ च्या अखेरीस, प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-चीन शांघाय निवेदनाकडे पाहावे लागते. संयुक्त निवेदन म्हणजे दोन सरकारांनी एकमताने काढलेला मजकूर, अशी त्याची रूढ व्याख्या आहे आणि निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी ऑक्टोबर १९७१ मध्ये बीजिंगला नेलेला मसुदाही मतभेदांवर बेताने पांघरूण घालणारा होता. परंतु चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी तो नाकारून प्रत्येकाने आपापले म्हणणे स्वतंत्रपणे मांडावे, असा आग्रह धरला. त्यामुळे व्हिएतनाममधील युद्ध चालू असतानाच अमेरिकेला आपल्या परिच्छेदात व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कार करता आला. आणि सांस्कृतिक क्रांती, म्हणजे चीनचे सर्वोच्च नेते माओ यांनी १९६६ मध्ये पक्षातील व समाजातील कथित शत्रूंविरुद्ध पुकारलेली मोहीम, अद्याप संपली नसतानाही जेथे दडपशाही तेथे प्रतिकार हा सिद्धान्त चीनला निःसंकोच घोषित करता आला. शेजारच्या परिच्छेदावर कोणीही हरकत घेतली नाही, हे या मुत्सद्देगिरीचे मर्म होय.

परस्परविश्वासाचा याहूनही हृद्य पुरावा २१ फेब्रुवारीच्या माओ-निक्सन भेटीत सापडतो. या भेटीपासून अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रॉजर्स यांना दूर ठेवण्यात आले होते आणि अमेरिकी दुभाषाही तेथे नव्हता, त्यामुळे साम्यवादविरोधाच्या बळावर मोठे झालेले राष्ट्राध्यक्ष साम्यवादी पक्षाच्या अध्यक्षांशी काय बोलत आहेत, हे सांगण्याचे काम चिनी दुभाषांकडेच राहिले. टिपणे घेण्यासाठी किसिंजर यांचे सहायक विन्स्टन लॉर्ड मात्र उपस्थित होते, आणि वरिष्ठाला डावलून कनिष्ठाला आत घेतल्याचा बोभाटा होऊ नये म्हणून त्यांना छायाचित्रांतून वगळावे, अशी विनंती पाहुण्यांनीच यजमानांना केली. छायाचित्रांतून माणसे नाहीशी करण्याचा दांडगा अनुभव साम्यवादी राजवटींच्या गाठीशी असल्याने ती तत्परतेने मान्य झाली. लोकशाही मूल्यांची एवढी कदर बीजिंगमध्ये क्वचितच झाली असावी.

मूल्यांच्या या दरीतही एका बाबतीत दोन्ही स्वतंत्र परिच्छेद जवळजवळ एकाच सुरात बोलतात. बांगलादेशाच्या युद्धानंतर भारत आणि पाकिस्तान यांनी आपापले सैन्य मागे घ्यावे, असे दोघांनीही बजावले आणि चीनने काश्मिरी जनतेच्या स्वयंनिर्णयालाही वर पाठिंबा देऊन टाकला. तिबेटी जनतेचा उल्लेख करण्यास मात्र त्याच्या परिच्छेदात जागा उरली नव्हती.