आखाजीला येतेय, दाणे आवर

रेडिंग, इंग्लंड

ती. आईस,


पार्सल पोचलं. बिबडे निम्मे मोडलेत, कुरडया शाबूत आहेत. फोनवर इतकं सांगूनही तू दाण्याची चटणी पाठवलीसच, वर चिठ्ठी: "ही जावईबापूंसाठी, नातवाला देऊ नये." जावईबापूंनी डबा ऑफिसात नेऊन ठेवलाय. तिथेच खातात आणि साबणाने हात धुऊन, चूळ भरून घरी येतात. नुसतं सॅनिटायझर चोळून दाण्याचा अंश जात नाही, हेही आता त्यांना पाठ झालंय. धुळ्याची चटणी एखाद्या व्यसनासारखी चोरून खावी लागेल, असं त्यांना लग्नात कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही आखाजीला येतोय. त्याआधी हे पत्र सगळ्यांना बसवून वाचून दाखव. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं तर काकांनी खाली गुलाबाचं फूल चिकटवून विषय संपवला असता.

बाळाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी निघाली म्हटल्यावर आपल्या घरात एकेकाला आपापली अ‍ॅलर्जी आठवली. अण्णांना दुधाची, मोठ्या काकूला हरभऱ्याच्या डाळीची, मामाला शेवभाजीची, आत्याला वांग्याची. धाकट्या काकांना कामाची आहे, ती आपल्याला आधीपासून ठाऊक आहे.

अण्णांपासून सुरू करते. पेलाभर दूध प्यालं की त्यांचं पोट गुडगुडतं आणि घरातले सगळे पंखे लागतात. ही अ‍ॅलर्जी नाही. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य लहानपणी भरपूर असतं, पुढे बहुतेकांचं कमी होतं. जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांचं हेच आहे. पचलं नाही की ती साखर आतड्यात आंबते, वायू धरतो, जुलाब होतात. वैताग येतो, जीव जात नाही. शिवाय त्याला हिशेब असतो: अण्णांना चहापुरतं दूध चालतं, ताक चालतं, तूप चालतं, आणि बासुंदीच्या तिसऱ्या वाटीला सगळं बिनसतं. काकूच्या डाळीचा वायू आणि मामाची जळजळ याच रांगेत बसव. मामाने शेवभाजीवर तर्रीच्या दोन वाट्या ओतून घ्यायच्या आणि नाव अ‍ॅलर्जीचं घ्यायचं, हे बरं नाही.

बाळाचं तसं नाही. त्याच्या पोटाची काही तक्रार नाही, तक्रार रक्षण करणाऱ्या यंत्रणेची आहे. दाण्यातली प्रथिनं शत्रू आहेत असं तिने ठरवून टाकलंय आणि आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवलीत. आपल्या गल्लीतल्या तात्यांनी मांजर पाहून "चोर, चोर" ओरडावं आणि अख्ख्या देवपुरानं काठ्या घेऊन धावावं, तसा हिस्टामिन वगैरेचा एकच लोंढा सुटतो. मग काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. कधी घसा आवळतो, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. आणि इथे हिशेब चालत नाही. "थोडं खादं ते काय व्हई?" हे आपल्याकडचं सगळ्यात प्रेमळ वाक्य आहे, पण आखाजीपुरतं ते बंद ठेव. कुटात बुडालेला एक चमचा त्याच्या वरणात आला तरी पुरे.

आत्याला मात्र मी हसणार नाही. भरताचा घास घेतला की तिचं तोंड खाजतं, ओठ चुरचुरतात, असं ती वर्षानुवर्षं सांगतेय आणि आपण तिला नाटकी म्हणतोय. वांग्याची खरी अ‍ॅलर्जी असते. म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेत तिच्यावर संशोधन झालंय. तिला अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे पाठव. त्वचेवर टोचून किंवा रक्तातली आयजीई पाहून तपासतात, आणि काय खाल्ल्यावर काय झालं याची हकिगत त्याच्या जोडीला ऐकतात. "एका थेंबात दोनशे पदार्थ" अशा जाहिरातीच्या मागे लागू नका. त्यात बहुधा आयजीजी मोजतात, आणि ती तर आपण जे खातो त्याची कुणाच्याही रक्तात सापडते. निकाल हातात आला की माणसाला खायला फक्त पाणी उरतं.

आता स्वयंपाकघर. आई, खान्देशात दाणा शोधायचा नसतो, दाणा नाही ती जागा शोधायची असते. ठेच्यात दाणे, भरतात दाणे, चिवड्यात दाणे, उपासाला तर दाण्याशिवाय देव पावत नाही. त्याच्यासाठी वेगळी कढई, वेगळा झारा, आणि खलबत्ता तर त्याच्या वाऱ्यालाही नको. तेलाचं नीट ऐक: रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, पण अण्णा अभिमानाने आणतात त्या लाकडी घाण्याच्या तेलात ते उरतं. म्हणून बाळाच्या फोडणीला सूर्यफुलाचं तेल. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कळण्याची भाकरी त्याला खुशाल दे. बाजारच्या पाकिटावर अ‍ॅलर्जीची सूचना छापायचा नियम आता आपल्याकडेही आहे, ती वाच. इथे तर १४ पदार्थ जाहीर करावे लागतात, त्यात मोहरीसुद्धा आहे. हॉटेलातला पोऱ्या विचारतो, "मोहरी चालते का?" मला हसू आवरत नाही.

आम्ही अ‍ॅड्रेनलिनची दोन पेनं आणतोय, आपल्याकडे ती सहज मिळत नाहीत. ती फ्रीजमध्ये ठेवायची नाहीत आणि आपल्या उन्हातही नाहीत; गार पिशवीत, बाळ जिथे तिथे. धाप लागली किंवा घसा बसला तर कांदा हुंगवू नका, हळद-दूध नको, गोळीची वाट पाहू नका. मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यावरूनच पेन टोचायचं, १०८ ला फोन लावायचा, त्याला आडवं करून पाय वर धरायचे; धाप असेल तर बसवायचं, पण चालवायचं नाही. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरं पेन. दृष्ट काढायचीच असेल तर ती दवाखान्यातून आल्यावर काढ.

एक गोष्ट तुला आवडेल. इथल्या सरकारनेच १९९८ मध्ये अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या घरांना सांगितलं होतं, मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणा देऊ नका. पुढे लंडनच्या डॉ. गिडियन लॅक यांनी धोका जास्त असलेली ६४० तान्ही मुलं घेऊन पाहिलं: निम्म्यांना लवकर दाणा सुरू, निम्म्यांना पूर्ण बंद. २०१५ मध्ये निकाल आला. लवकर खाणाऱ्यांत दाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी. बाळाच्या उष्टावणाच्या वेळी तू दाण्याचं कूट म्हणत होतीस आणि मी पुस्तक दाखवत होते, तेव्हा ही गोष्ट मोठ्याने वाचू नको. आणि यावरून "मग आता देऊन पाहू" असं अजिबात काढू नको. ज्याला अ‍ॅलर्जी झालेली आहे, त्याच्यावर घरी प्रयोग करायचा नसतो.

अण्णांना नमस्कार. तात्यांना हे पत्र दाखवू नको.

तुझी लाडकी

ता. क. बाळाला एक वाक्य शिकवलंय: "माले दाना चालत नही." तो ते आत्तापासून पोस्टमनला ऐकवतोय.