विनियम पाच-तीन यांस खुलं पत्र

दत्तक विनियम, २०२२ मधील विनियम ५, उपविनियम (३) यांस,

पत्राची सुरुवात 'सप्रेम नमस्कार' अशी करायची आपल्याकडे रीत आहे. तुमच्याविषयी मला प्रेम नाही, आणि नमस्कार करावा असं तुम्ही काही केलेलं नाही. म्हणून थेट बोलते.

तुमचा सगळा जीव एका वाक्यात आहे. किमान दोन वर्षं स्थिर वैवाहिक संबंध असल्याशिवाय कोणत्याही जोडप्याला मूल दत्तक द्यायचं नाही; नात्यातलं दत्तक आणि सावत्र पालकानं घेतलेलं दत्तक तेवढं वगळून. एवढ्या वाक्याच्या जोरावर तुम्ही दत्तकाच्या दारात पहारेकरी होऊन उभे आहात. दोन बायका किंवा दोन पुरुष सोबतीनं तिथे आले, की तुम्ही त्यांचं घर बघत नाही, पगार बघत नाही, मूल वाढवायची त्यांची तयारी बघत नाही. लग्नाचा दाखला मागता. तो दाखला या देशात त्यांना कुणी देत नाही, हे मागण्याआधीच तुम्हाला ठाऊक असतं. सरकारनं जो कागद द्यायचाच नाही असं ठरवलंय, तो कागद नाही म्हणून सरकारच्याच दारातून माणसांना परतवून लावायचं, एवढं एकच काम तुम्ही निष्ठेनं करत आला आहात.

तुमची बाजू घेणारे म्हणतात की हे मुलाच्या भल्यासाठी आहे. मग मुलाचंच बघू.

तुमच्याच शेजारी, त्याच विनियम पाचमध्ये, एकट्या माणसाला दत्तकाची मुभा आहे. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी कुणालाही घरी आणू शकते, एकटा पुरुष फक्त मुलगा आणू शकतो. म्हणजे एका पालकाच्या जिवावर मूल नीट वाढतं, हे तुमच्या पुस्तकाला मान्य आहे. त्या एकटीच्या घरात आणखी एक माणूस असेल, रात्री तापात उशाशी बसणारं, सकाळी डबा भरणारं, फीचे पैसे निम्मे देणारं, तर मुलाचं नुकसान कसं होतं? एक आई चालते आणि दोन आया चालत नाहीत, हा हिशोब मुलाच्या भल्याचा असेल तर तो कुणीतरी मांडून दाखवावा. समलिंगी विवाहाचा सुप्रियो खटला सर्वोच्च न्यायालयात चालला, तेव्हा तशी संधी होती. विवाहित स्त्री-पुरुषच मुलाला स्थैर्य देऊ शकतात या दाव्याला आधार देणारा काहीही पुरावा केंद्र सरकारनं दाखल केला नाही, अशी नोंद तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात केली आहे. भारतीय मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनं, एप्रिल २०२३ मध्ये निवेदन काढून सांगितलं की समलिंगी आणि इतर क्वीअर व्यक्तींना लग्न किंवा दत्तकापासून दूर ठेवावं असं दाखवणारा कोणताही पुरावा नाही. तुमच्याकडे पुरावा नव्हता, तज्ज्ञ तुमच्या विरुद्ध होते, तरी तुम्ही जागचे हलला नाहीत.

याहून वाईट गोष्ट तुमच्या खात्यानं तुमच्या आधी करून ठेवली. केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरण, म्हणजे 'कारा', यांनी १६ जून २०२२ ला एक परिपत्रक काढलं. लिव्ह-इनमध्ये राहणारी एकटी व्यक्ती स्थिर कुटुंबाचा भाग मानता येणार नाही, असं त्यात ठरवलं. याचा अर्थ असा, की दोघींपैकी एकीनं एकटी म्हणून अर्ज करायचा ठरवला, तरी दुसरी तिथे राहते हे लपवावं लागेल. सामाजिक कार्यकर्ती गृहभेटीला येणार, घरात कोण कोण आहे हे विचारणार, त्या दिवशी एकीनं आपले कपडे, चपला, औषधं, फोटो उचलून बाहेर जायचं किंवा 'ही माझी रूममेट' म्हणून चहा आणून द्यायचा. जी माणसं मुलाला खरं बोलायला शिकवणार आहेत, त्यांना ते मूल मिळवण्यासाठी तुम्ही खोटं बोलायला लावता. आणि ते खोटं एका दिवसाचं राहत नाही. दत्तकानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, संस्थेचं माणूस पाठपुराव्याला येतं. दर वेळी तेच नाटक, आणि तोवर मूल बोलायला लागलेलं असतं.

पुढचं धरून चालू. अशा दोघी आहेत. एकीच्या नावानं दत्तकाचा आदेश निघाला आहे. मूल दोघींना हाक मारतं, एकीला आई, दुसरीला आणखी काही, पण कागदावर दुसरी कुणीच नाही. मुलाचं अपेंडिक्स दुखायला लागलं आणि आई बाहेरगावी असेल, तर शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात ती काय लिहिणार? शाळेतून मुलाला न्यायला गेली तर कोण म्हणून? तिनं जन्मभर साठवलेलं, मृत्युपत्र न करता ती गेली, तर त्यातला एक पैसाही या मुलाला वारसा हक्कानं मिळत नाही, कारण कायद्याच्या नजरेत तिला मूल नाही. आणि कागदावरची आई अचानक गेली तर? मृत्युपत्रात पालक नेमून ठेवता येतो, हे मला माहीत आहे. पण तिशी-पस्तिशीत मृत्युपत्र करून ठेवणारी माणसं किती असतात? आणि केलेलं असलं तरी आईच्या घरच्यांनी न्यायालयात हरकत घेतली, तर ज्या बाईनं मुलाला आठ-दहा वर्षं वाढवलं, तिला आपलं त्याच्याशी नातं काय हे मुळापासून सिद्ध करावं लागेल. एकदा आईबाप गमावलेल्या मुलाला तुम्ही दुसऱ्यांदा अनाथ होण्याच्या उंबरठ्यावर उभं करून ठेवता, आणि याला स्थैर्य म्हणता.

रक्ताबाहेरच्या मुलाला आपलं मानलं की हरकत येते, हे आपल्या भागात नवं नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचं मूल त्यांनी आपलं मानलं. तो यशवंत. रक्त वेगळं, जात वेगळी, समाजाच्या दृष्टीनं जन्मच कलंकित. जोतीरावांना माणसांची पारख होती, म्हणून त्यांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून ठेवलं. तरी १८९० मध्ये ते गेले तेव्हा भाऊबंदांनी अंत्यसंस्कार करण्याच्या यशवंताच्या अधिकारावर हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात धरलं, असं त्यांची चरित्रं सांगतात. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्यात रोगी घेऊन येत होत्या, आणि त्यातच त्या गेल्या. ज्या भाऊबंदांनी ती हरकत घेतली, त्यांच्या रांगेत आज तुम्ही उभे आहात. फरक एवढाच, की त्यांची हरकत एका अंत्ययात्रेपुरती होती आणि तुमची राजपत्रात छापलेली आहे.

तुमच्या बाजूनं एक मुद्दा मात्र गंभीरपणे मांडला गेला आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला हवं. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच सुप्रियो खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तुम्हाला तीन विरुद्ध दोन अशा मतांनी जिवंत ठेवलं. चंद्रचूड आणि संजय किशन कौल यांनी तुम्हाला घटनाबाह्य ठरवलं. रवींद्र भट, हिमा कोहली आणि नरसिंह यांनी तसं मानलं नाही. न्या. भट यांचं म्हणणं थोडक्यात असं, की लग्न मोडलं तर मुलाची पोटगी, ताबा, वारसा यांना कायद्याचं छत्र असतं, आणि ते छत्र आजच्या कायद्यांत लग्नाला बांधलेलं आहे. जोडीदार विनालग्न असतील आणि वेगळे झाले, तर मुलाला कोण सांभाळणार?

प्रश्न खरा आहे. उत्तर तुमच्या वाक्यात नाही, दुसरीकडे आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, जे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे, मुलाला पोटगी देताना आईबापाचं लग्न झालं होतं का हे विचारत नाही. औरस असो की अनौरस, पोसायची जबाबदारी पालकाची. आपल्या कायद्यानं हे फार पूर्वी मान्य केलं, कारण मुलाचं पोट आईबापाच्या लग्नाच्या दाखल्यावर भरत नाही. मग दोघींना किंवा दोघांना आधी कायद्यानं पालक करा. पालक केलंत की जबाबदारी आपोआप दोघांवर येते. आज उलट होतं. दोघी वेगळ्या झाल्या, तर जिचं नाव कागदावर नाही ती कायद्यानं एक पैसाही देणं लागत नाही, आणि मुलाला भेटायचा हक्कही तिला नाही. मुलाला ज्या संकटापासून वाचवायचं म्हणून तुम्ही दारात उभे आहात, ते संकट तुमच्यामुळेच घरात शिरतं. न्या. भट यांनीही तेवढ्यावर थांबून चालणार नाही हे ओळखलं होतं. सुरक्षित घराची गरज असलेल्या जास्तीत जास्त मुलांना लाभ व्हावा यासाठी राज्यानं कुठलाही पर्याय आधीच बाद करू नये, असं त्यांनी लिहिलं. ते वाक्य तुमच्या खात्यानं वाचलं असेल, तर त्याची खूण कुठे दिसत नाही. त्या निकालावरच्या पुनर्विचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

तुमचा एक जुळा भाऊ दक्षिण आफ्रिकेत होता. तिथेही जोडीनं दत्तक घ्यायचं तर लग्न झालेलं असणं बंधनकारक होतं. प्रिटोरियातल्या उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीश बाई आणि त्यांची जोडीदार दोन भावंडांना वाढवत होत्या. दत्तक मात्र एकीच्याच नावानं झालं होतं. त्या न्यायालयात गेल्या, आणि १० सप्टेंबर २००२ ला तिथल्या घटना न्यायालयानं दोघींना पालक होण्याचा रस्ता मोकळा केला. तेव्हा त्या देशात समलिंगी लग्न कायदेशीर नव्हतं. ते २००६ मध्ये झालं. लग्नाच्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत मुलांनी थांबावं, असं त्या न्यायालयाला वाटलं नाही. मुलं तेवढी थांबत नाहीत. ती दर वर्षी एक इयत्ता पुढे जातात.

इथेही बाकीची सगळी माणसं हळूहळू पुढे सरकत आहेत. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं वडील हयात असतानाही आई पालक असू शकते हे मान्य केलं. २०१० पर्यंत विवाहित हिंदू बाईला स्वतःच्या हक्कानं दत्तक घेता येत नव्हतं. तो कायदा बदलला. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. २०२४ मध्ये केंद्रानंच राज्यांना कळवलं की क्वीअर जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच घरातले समजावं. याचा अर्थ नीट समजून घ्या. रेशनच्या गव्हासाठी त्या दोघी एक कुटुंब आहेत, आणि तो गहू ज्याच्या ताटात जायचा त्या मुलासाठी नाहीत. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं सांगितलं की लग्न हा कुटुंब उभं करण्याचा एकमेव मार्ग नाही. पुढच्याच महिन्यात केरळ उच्च न्यायालयानं कोझिकोडच्या एका ट्रान्सजेंडर जोडप्याच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर 'आई' आणि 'वडील' या रकान्यांऐवजी दोघांचीही नोंद 'पालक' म्हणून करायला लावली. त्या घरात मूल जन्माला घातलं ते बापानं. उद्या ते मूल शाळेत दाखला देईल, तेव्हा त्याला कुणासमोर काही समजावून सांगावं लागणार नाही.

सरोगसीचा २०२१ चा कायदाही तुमच्याच बिरादरीतला आहे. विवाहित स्त्री-पुरुष, नाहीतर ठरावीक वयाची विधवा किंवा घटस्फोटिता, एवढ्यांनाच तो आत घेतो. त्याला वेगळं पत्र लिहावं लागेल. तुमचं प्रकरण त्यापेक्षा साधं आहे, कारण तुम्ही संसदेनं केलेला कायदा नाही. तुम्ही विनियम आहात. प्राधिकरणानं तयार केलेले, महिला आणि बाल विकास मंत्रालयानं अधिसूचित केलेले. तुम्हाला बदलायला संसदेचं अधिवेशन लागत नाही, एक अधिसूचना पुरते.

त्या अधिसूचनेत काय असावं हेही सांगते. तुमच्या वाक्यातला 'वैवाहिक' हा शब्द काढावा. 'दोन वर्षं स्थिर' हे राहू द्यावं. स्थैर्य तपासायला माझी हरकत नाही, उलट ते सगळ्यांचं तपासावं, लग्न झालेल्यांचंही. गृहभेटीला येणाऱ्या बाईनं दोघींना समोरासमोर बसवून विचारावं, मूल आजारी पडलं तर रजा कोण घेणार, पैसे किती आहेत, भांडण झालं तर काय करता. १६ जून २०२२ चं परिपत्रक मागं घ्यावं. दत्तकाच्या आदेशावर दोन्ही नावं 'पालक' म्हणून यावीत, आणि एकीच्या नावानं आधीच आलेल्या मुलांसाठी दुसरीचं नाव जोडून घ्यायची सोय त्यातच असावी. ही शेवटची मागणी विसरू नका, कारण ती मुलं आत्ता, या क्षणी, अर्ध्या कागदावर वाढत आहेत.

तुमची नसलेली,
एक मराठी नागरिक

प्रत: महिला आणि बाल विकास मंत्रालय, नवी दिल्ली