पाऊस जाळायला निघालेली भट्टी

कचऱ्यावरच्या बैठकीत प्लाझ्मा हा शब्द निघाला की प्रश्न थांबतात. पाच हजार अंशांच्या पुढचं तापमान, कचऱ्याचा वायू, वायूची वीज, उरलेल्या दगडमातीची काच! इतकं सगळं एका यंत्रात मिळत असेल, तर आणखी विचारायचं काय? विचारायचं बरंच आहे. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, नाशिक जिल्ह्यात पैसा येणार आहे आणि पैशामागून यंत्रं विकणारेही येणार आहेत. इगतपुरीने आपले प्रश्न आत्ताच तयार ठेवावेत.

यंत्र खोटं नाही, हे आधी मान्य करू. दोन इलेक्ट्रोडमधून विजेची ठिणगी सतत चालू ठेवायची आणि तिच्यातून वायू सोडायचा. तो इतका तापतो की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉनच सुटे होतात. या झोतासमोर, प्राणवायू बेताचाच ठेवून, कचरा आणला की नेहमीसारखा जाळ होत नाही. पदार्थ मोडतात आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सुटतात. हा वायू धुऊन इंजिनात किंवा बॉयलरमध्ये वापरता येतो. धातू, माती, काच वितळून घट्ट काचेसारखा खडा बनतो आणि जड धातू त्यातच अडकून राहतात. विषारी कचऱ्यासाठी याहून चांगला शेवट सहसा सापडत नाही.

आपल्या राज्यात हे झालेलंही आहे. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला महाराष्ट्र एन्व्हायरो पॉवर या कंपनीने वेस्टिंगहाऊसच्या प्लाझ्मा तंत्रावर रोज 72 टन क्षमतेचा प्रकल्प उभारला. तिथे काय टाकायचं ठरलं होतं? कारखान्यांचा घातक कचरा. रसायनं, गाळ, रंगाचे अवशेष. ज्याचं खत होत नाही, जे पुरलं तर विहिरी नासतात, असा माल. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने दवाखान्यांच्या कचऱ्यासाठी अशीच भट्टी विकसित केली आणि 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी तिला मान्यताही दिली. या दोन्ही जागा प्लाझ्माच्या हक्काच्या आहेत.

इगतपुरीच्या घंटागाडीत काय असतं? भाताची पेज, भाजीची देठं, आंब्याच्या साली, रिसॉर्टच्या ताटांत उरलेलं पनीर आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस. हो, पाऊसच. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणारं हे गाव. उघड्या ढिगावर पडणारं ते पाणी कचऱ्याबरोबर गाडीत चढतं, वजनकाट्यावर मोजलं जातं आणि भट्टीपर्यंत जातं.

हिशेब साधा आहे. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सहाशेच्या वर किलोकॅलरी लागतात. टनभर कचऱ्यात निम्मं पाणी धरा. ते नुसतं उडवायला सुमारे साडेतीनशे युनिटांइतकी उष्णता खर्ची पडते आणि तोवर एका देठाचाही वायू झालेला नसतो. मग ‘ऊर्जा निर्मिती’ कोणाची होते? पाऊस जाळायला महावितरणची वीज का घालायची?

दिल्लीने हा धडा आधीच घेतलेला आहे. तिमारपूरला 1987 मध्ये डॅनिश तंत्राचा, रोज 300 टन कचरा जाळणारा वीज प्रकल्प उभा राहिला. तो प्लाझ्माचा नव्हता, साधा जाळण्याचा होता. यंत्राला किलोमागे साडेचौदाशेच्या आसपास किलोकॅलरीचा कचरा हवा होता. गाड्यांतून आला सहाशे-सातशेचा. चाचणीच्या पहिल्या काही आठवड्यांतच तो थांबला. कचरा भारतीय होता आणि आराखडा युरोपी.

प्लाझ्माचे श्रीमंत ग्राहकही सुखी झालेले नाहीत. इंग्लंडमधल्या टीस व्हॅलीत एअर प्रॉडक्ट्स या बड्या कंपनीने दोन प्रकल्प हाती घेतले आणि 2016 मध्ये सोडून दिले. सुमारे शंभर कोटी डॉलर बुडीत खात्यात गेले. जपानमध्ये उताशिनाईचा प्रकल्प 2003 मध्ये सुरू झाला आणि 2013 मध्ये बंद पडला. पुरेसा कचराच मिळेना! इतकी महाग भट्टी एकदा बांधली की तिला रोज खायला घालावं लागतं. कचरा कमी करणारं गाव मग तिला परवडत नाही.

इगतपुरी शहराची वस्ती 2011 च्या जनगणनेत तीस हजारांच्या आसपास होती. माणशी तीन-साडेतीनशे ग्रॅम धरले तर दिवसाला नऊ-दहा टन कचरा होतो. रांजणगावच्या एका भट्टीला तो चार तासही पुरणार नाही.

उत्तर याच परिसरात आहे आणि ते पाहायला परदेश दौरा लागत नाही. महिंद्राच्या इगतपुरी कारखान्याला ‘जमिनीत काहीही न पुरणारा’ कारखाना असं प्रमाणपत्र मिळालेलं आहे. 2018 मध्ये तो कार्बन न्यूट्रल म्हणूनही प्रमाणित झाला. प्रत्येक वस्तू सुटताक्षणी वेगळी ठेवायची, हे शिस्तीचं काम त्यामागे आहे. आणि महामार्गाने नाशिकला निघालात तर वाटेत विल्होळी लागते. तिथे नाशिक महापालिकेने जर्मनीच्या मदतीने 2017 मध्ये प्रकल्प सुरू केला, हॉटेलांचं उरलेलं अन्न आणि शौचालयांच्या टाक्यांतला मैला एकत्र कुजवून वायू आणि वीज काढणारा. ओल्या कचऱ्याला हे तंत्र मानवतं, कारण कुजवायला पाणी लागतंच.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. मुंबई आणखी जवळ आली, शनिवार-रविवारची गर्दी वाढली आणि घाटाच्या कठड्यापलीकडे पिशव्याही वाढल्या. हा कचरा कोणाच्या पाण्यात जातो, ते नकाशावर पाहा. दारणेकडे उतरणारं पाणी गोदावरीला मिळतं आणि पुढे मराठवाड्यात पोहोचतं. वैतरणेचं पाणी मुंबईच्या नळाला येतं. इगतपुरीच्या ढिगातून झिरपणारं काळं पाणी ही एकट्या इगतपुरीची बाब नाही, आणि म्हणूनच इथल्या चुकीच्या खरेदीची किंमत लाखो लोक मोजतील.

नियम तर हातात आहेत. हॉटेलांनी कचरा जागेवरच वेगळा करावा आणि ओला भाग शक्यतो आपल्याच आवारात खत किंवा बायोगॅस करून जिरवावा, असं 2016 च्या घनकचरा नियमांनीच सांगून ठेवलेलं आहे. रिसॉर्टवाल्यांनो, एका खोलीच्या एका रात्रीचं भाडं किती घेता ते तुम्हाला ठाऊक आहे. स्वयंपाकघरामागे एक बायोगॅस टाकी बांधणं तुम्हाला जड नाही.

आणि नगरपरिषदेने तीन कामं पावसाळ्याआधी करावीत: कचऱ्याच्या जागेवर छप्पर घालावं, घंटागाडीत ओला-सुका वेगळा घ्यावा आणि रिसॉर्टांचा ओला कचरा फुकट उचलणं बंद करावं. प्लाझ्माचा विक्रेता दारात आला, तर त्याला ऑगस्टमधली एक गाडी भरून द्या आणि सांगा, यातून वीज काढून दाखव, मग सही करू.