होडीचं इंजिन चालू करण्याचा शास्त्रोक्त विधी

या विधीला नारळी पौर्णिमेच्या आसपासचा काळ सर्वांत अनुकूल. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत होडी माडांखाली झाकलेली असते आणि मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन पडवीच्या कोपऱ्यात गोणपाट पांघरून उभं असतं. वल्ह्यांच्या होडीला ही बंदी लागू नाही. तेव्हा ज्यांचं इंजिन बाराही महिने चालू होत नाही त्यांची होडी यांत्रिक धरायची की बिगरयांत्रिक, याचा निकाल कायदेपंडितांनी एकदा लावून टाकावा.

साहित्य: इंजिन, पेट्रोलची टाकी, प्लगपाना, नवा प्लग, कोरडं फडकं, नांगर, दोन वल्ही. यापैकी घरी विसरावयाचं साहित्य: प्लगपाना, प्लग, फडकं आणि वल्ही.

स्थळ म्हणून देवबाग घेऊ. इथे कर्ली नदी समुद्राला मिळते आणि सुकती लागली की खाडीचं पाणी जोराने मुखाकडे ओढ घेतं. नवखा यजमान होडी ढकलतो, आत चढतो आणि मग इंजिनाकडे वळतो. तोवर होडी त्याची वाट न पाहता निघालेली असते. म्हणून या विधीत पहिला मान नांगराचा. आधी नांगर टाकावा, मग चिडावं.

दोन-तीन झटक्यांत इंजिन बोललं नाही, की किनाऱ्यावर सल्लागार मंडळ स्थापन होतं. अध्यक्षपद बहुधा ज्याने स्वतःचं इंजिन विकून टाकलंय त्याच्याकडे जातं. "काय झाला रे?" हा मंगलाचरणाचा प्रश्न. त्याला उत्तर अपेक्षित नसतं. मग "कार्बुरेटर!", "कॉइल गेली असतली!", "पिस्टन बघ, पिस्टन!" असे आशीर्वाद येऊ लागतात. साधारण नियम असा, की सल्लागार जितका लांब उभा तितका त्याने सांगितलेला भाग महाग. धक्क्यावरून थेट नवीन इंजिनच सुचवलं जातं.

या काळात यजमानाने काय तपासावं? शिष्टाचाराप्रमाणे आधी कार्बुरेटर खोलावा आणि त्याचा एक बारीक स्क्रू खाडीत अर्पण करावा. ज्यांना मासे पकडण्याची घाई आहे, त्यांनी मात्र नजर खाली आणून लाल, पिळदार दोरीची क्लिप जागेवर आहे का ते पाहावं. चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून ही क्लिप असते. ती निघालेली असेल तर प्लगला ठिणगीच मिळत नाही, मग दोरी भीमाने ओढली तरी तेच. पावसाळ्यात पडवीत खेळणाऱ्या मुलांना ती विशेष आवडते. त्यानंतर गिअर. तो न्यूट्रलला नसेल तर बऱ्याच इंजिनांची दोरी हलतच नाही, आणि यजमान "जाम झालं" असं जाहीर करून मिस्त्रीला फोन लावतो.

मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. ने-आण करताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो आवळतात आणि तो तसाच राहतो. याचा खोडसाळपणा असा, की इंजिन सुरुवातीला व्यवस्थित चालू होतं. पण पेट्रोल बाहेर जातं आणि त्याच्या जागी हवा आत येत नाही. त्यामुळे मध्यावर, नेमकं ओढीच्या पाण्यात, ते धापा टाकून थांबतं आणि पुन्हा पेटत नाही. हा स्क्रू उघडलाय का, हे विचारणारी व्यक्ती सल्लागार मंडळात कधीच नसते. ती मासळीची पाटी घेऊन बाजूला बसलेली असते आणि तिला कोणी विचारलेलं नसतं.

नळीतला रबरी पंप दाबून कडक करावा, त्यावरचा बाण वर धरून. कितीही दाबला तरी तो मऊच राहिला तर टाकीत पेट्रोल नाही किंवा नळीच्या जोडात हवा शिरतेय. टाकीत पेट्रोल नाही, ही शक्यता मोठ्याने बोलून दाखवू नये.

आता दोरी. आधी सावकाश ओढून दात बसल्याचं हाताला जाणवू द्यावं, मगच झटका द्यावा. त्याआधी मागे कोण उभं आहे ते पाहावं, कोपर लागल्याने मैत्री तुटल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेत मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडने १९०९च्या सुमारास आपलं आउटबोर्ड बनवलं. त्याची आख्यायिका अशी, की होडी वल्हवत आइस्क्रीम आणायला गेलेल्या या गृहस्थाचं आइस्क्रीम परतेपर्यंत वितळलं, म्हणून त्याला इंजिनाची कल्पना सुचली. नंतर इंजिन चालू होईस्तोवर किती आइस्क्रीम वितळलं, याविषयी आख्यायिका मौन पाळते.

चोक ओढून झटक्यामागून झटके दिले की इंजिन ओव्हर होतं, म्हणजे आत पेट्रोलच पेट्रोल. पेट्रोलचा वास नाकात भरतो. अशा वेळी चोक आत ढकलावा, थ्रॉटल जमेल तितका मोठा करावा आणि ओढावं. नाही जमलं तर प्लग काढून पुसावा आणि लाल क्लिप काढलेली ठेवून दोन-चार झटक्यांत आतलं पेट्रोल बाहेर फेकू द्यावं. विडी ओढणाऱ्या सल्लागारांना या वेळी चहाला पाठवावं.

एवढं करूनही इंजिन ढिम्मच असेल, तर दोष जूनमध्ये टाकीत उरलेल्या पेट्रोलचा. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. म्हणजे घाटावरच्या उसाचाही त्यात हात आहे, आणि हा ऊस कोकणच्या पावसाला फार हळवा. इथेनॉल हवेतली ओल पितं. प्रमाणाबाहेर प्यायलं की पाण्याला घेऊन पेट्रोलपासून फारकत घेतं आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतं. इंजिनाची नळी ओढते तीही तळातूनच. खात्री करायची तर थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवावं, खाली वेगळा थर दिसतो. हे पेट्रोल घरच्या मोटरसायकलमध्ये घालून पैसे वसूल करण्याचा मोह टाळावा. कार्बुरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून आतलं जुनं सोडून द्यावं, नवं पेट्रोल आणावं आणि त्यात कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणातच ऑइल मिसळावं. पुस्तक सापडत नसेल तर दुकानदाराला विचारावं. अध्यक्षांना नको, त्यांचं प्रमाण 'अंदाजे' असतं.

इंजिन चालू झालं! प्रत्येक सल्लागार आता "मी सांगलेलंच" म्हणेल, त्यांना म्हणू द्यावं. यजमानाने मात्र मागे पाहावं. इंजिनातून पाण्याची बारीक धार बाहेर पडली पाहिजे. थंडाव्याचं पाणी आत फिरतंय याचा तोच पुरावा. पाणी आत घ्यायच्या जाळीत वाळू किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली असेल तर धार येत नाही, आणि आतलं रबरी चक्र कोरडं फिरून बघता बघता जळतं. तेव्हा धार दिसली नाही, तर एवढ्या कष्टाने चालू झालेलं इंजिन, किनारा टाळ्या वाजवत असतानाच, आपल्या हाताने बंद करावं.