श्री. साईड-इफेक्ट-शून्य यांस, इनवर्ड गेटवरून

प्रति,
श्री. शंभर-टक्के-नैसर्गिक ऊर्फ साईड-इफेक्ट-शून्य,
मुक्काम : रिक्षाची पाठ, पानटपरी, बसथांबा आणि व्हॉट्सॲप, भोसरी ते चाकणचा तळेगाव चौक.

विषय : डोक्यावर माल न उगवल्याबाबत.

महोदय, स. न. वि. वि.

आपला कायमचा पत्ता कुणालाच माहीत नाही, म्हणून हे पत्र खुलं. तसे आपण रोज भेटता. पहाटे निगडीहून कंपनीची बस सुटते तेव्हा समोरच्या रिक्षाच्या पाठीवर आपण असता. रात्री सेकंड शिफ्ट सुटून पोरांनी मोबाईल उघडला की पुन्हा आपणच. डावीकडे गुळगुळीत टक्कल, उजवीकडे जंगल, मधे एक बाण. दोन्ही फोटोंतले कान वेगवेगळ्या माणसांचे असतात. दिवसभर हातात गेज घेऊन पार्ट तपासणाऱ्या आमच्या पोरांच्या ते लगेच लक्षात येतं. तरीही ती ऑर्डर देतात, तीही कॅश ऑन डिलिव्हरी.

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्या गेटवर चहाच्या किमतीचा बोल्ट आला तरी सोबत त्याची कुंडली लागते. स्टील कुठलं, हीट नंबर काय, कडकपणा किती, बॅच कुठली. कागद नसेल तर गाडी गेटवरूनच परत. आपल्या बाटलीसोबत मात्र येतात एकशे आठ वनस्पती, एक आजी आणि भरपूर विश्वास. बॅच नंबरच्या जागी झाडाचं चित्र. आजीचा मान आहेच, पण इन्स्पेक्शन रिपोर्टवर तिची सही चालत नाही.

नाणेकरवाडीतल्या एका खोलीची गोष्ट आपल्याला सांगितलीच पाहिजे, कारण कर्ते-करविते आपणच. मराठवाड्यातली पाच पोरं, एक खोली, एक मिक्सर. चाकणचा कांदा बाजार जवळच, त्यामुळे कच्च्या मालाला तोटा नाही. रविवारी पाचपैकी तिघांनी कांदे वाटले, जुन्या बनियनमधून रस पिळला, डोक्याला चोपडला आणि वरून कॅरीबॅगा बांधून तिघं भिंतीला टेकून बसले. उरलेले दोघं, म्हणजे ज्यांचे केस शाबूत आहेत ते, डोळे पुसत जिन्यात जाऊन बसले. रात्री दोनदा शॅम्पू झाला. पण सोमवारी हेल्मेटच्या आतला फोम घामाने भिजला आणि कांदा परत जागा झाला. लाइनवर सुपरवायझरने नाक वर करून विचारलं, ‘भजी कोणी आणलीत रे?’

आता आपण म्हणाल, कांद्याच्या रसावर संशोधन झालंय. झालंय की. 2002 मध्ये इराकच्या डॉक्टरांनी ते छापलं, आणि रस लावलेल्यांपैकी बऱ्याच जणांना केस आलेही. पण ते रुग्ण होते चाईचे. चाई म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणाच केसांच्या मुळांवर उठते आणि डोक्यावर रुपयाएवढे गोल चट्टे पडतात. त्यातले कित्येक चट्टे काही न करताही भरून येतात. आमच्या पोरांचं कपाळ मात्र दोन्ही बाजूंनी मागे सरकतंय आणि टाळूवर चंद्र दिसू लागलाय. हा आजार वेगळा, कारण वेगळं. आपण चाईचं सर्टिफिकेट उचलून टकलावर डकवलंत. आमच्याकडे चुकीच्या पार्टवर बरोबर स्टिकर लावणाऱ्याला मेमो मिळतो.

बाकीची फाइलही चाळली. माका : केस भादरलेल्या पांढऱ्या उंदरांवर बरा रिझल्ट. उंदरांचं अभिनंदन. भोपळ्याच्या बियांचं तेल : 2014 मध्ये कोरियात 76 पुरुषांना चोवीस आठवडे कॅप्सूल दिल्या आणि केसांची संख्या खरंच वाढलेली दिसली. पण कॅप्सूलमध्ये भोपळ्यासोबत इतरही वनस्पती होत्या, तेव्हा श्रेय कुणाचं ते भोपळ्यालाही सांगता येणार नाही. रोझमेरी : 2015 चा इराणमधला प्रयोग, शंभर जण, सहा महिने. तेल मिनॉक्सिडिलच्या तोडीस तोड निघालं म्हणून आपण ढोल वाजवता. ते मिनॉक्सिडिल 2 टक्क्यांचं होतं; आपल्याकडच्या पुरुषांच्या हाती सहसा 5 टक्क्यांची बाटली पडते. शिवाय दोन्ही गटांत वाढ जेमतेम, आणि नुसतंच साधं काहीतरी लावलेला तिसरा गट नव्हताच. जास्वंद, कढीपत्ता, वडाच्या पारंब्या यांच्याबद्दल बोलत नाही. आमच्या घरातही त्यांची बाटली आहे आणि मला घरी जायचं आहे.

खोबरेल तेलाला मात्र नावं ठेवणार नाही. 2003 मध्ये रेले आणि मोहिले या आपल्याच मुंबईच्या संशोधकांनी दाखवलं की खोबरेल केसाच्या काडीत शिरतं आणि धुताना-विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. म्हणजे असलेला केस तुटत नाही. पण डोक्याबाहेर आलेली काडी मृतच असते. कारखाना कातडीच्या आत, मुळाशी. तो बंद पडत चालला असेल तर तयार मालाला पॉलिश करून प्रॉडक्शन वाढत नाही. हे आपल्यालाही ठाऊक असावं, कारण ‘केसगळती थांबवा’च्या डोक्यावर बारीकशी चांदणी असते आणि बाटलीच्या तळाशी, भिंगाशिवाय दिसू नये अशा अक्षरांत, ‘तुटण्यामुळे होणारी’ असं लिहिलेलं असतं.

मग आपली कीर्ती एवढी कशी? यावर बराच विचार केला, आणि उत्तर डेंग्यूत सापडलं. पावसाळ्यात आमच्याकडे घराआड एक ताप असतो. पोरगा आठवडाभर फणफणतो, बरा होतो, कामावर येतो. दोन-तीन महिन्यांनी, ऐन दिवाळीत, मूठ-मूठ केस हातात येतात. मोठा ताप, ऑपरेशन, उपासमार किंवा जबर ताण यानंतर पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि मग एकदम गळतात. करोनानंतरही हेच झालं. घाबरलेला पोरगा आपली बाटली घेतो. होळीपर्यंत केस परत येतात. ते तसेही येणारच होते. मूळ शाबूत असतं. पण त्या काळात बाटली हातात होती, म्हणून रिव्ह्यूमध्ये पाच तारे आपल्याला, आणि डेंग्यूच्या डासाला बिचाऱ्याला कुणी विचारत नाही.

आमच्या लोकांनीही कमी घोळ घातला नाही. कँटीनमध्ये फाइव्ह-व्हाय झालं, म्हणजे मुळापर्यंत जायला पाच वेळा ‘का’ विचारणं. केस का गेले? हेल्मेटमुळे. हेल्मेट का? चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास डोक्यावर राहतं म्हणून. मग पाणी आलं : पालिकेचं दिवसाआड, बाकी टँकर आणि बोअर, बादलीला पांढरा थर. मग नाइट शिफ्ट, मग कँटीनच्या भातातला तथाकथित सोडा. पाचव्या ‘का’ला मुकादम म्हणाले, ‘लग्न ठरत नाही म्हणून टेन्शन, टेन्शनने केस जातात, केस गेले म्हणून लग्न ठरत नाही,’ आणि मीटिंग गोलाकार संपली. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात. हेल्मेटखाली घाम आणि कोंडा साठतो (आणि कोंड्यामागची बुरशी तेलावरच पोसते, हेही आपण कधी सांगत नाही). पण पुरुषाच्या डोक्यावरचा तो ठरावीक आकार वडिलांकडून आणि आजोळकडून आलेल्या जनुकांचा असतो. डीएचटी नावाचं संप्रेरक त्या जागच्या मुळांना वर्षानुवर्षं बारीक करत नेतं. केस आधी पातळ, मग लव, मग काहीच नाही.

खरं सांगायचं तर या प्रकरणात सगळ्यात नैसर्गिक गोष्ट टक्कलच. संप्रेरक निसर्गाचं, जनुकं निसर्गाची, वेळापत्रकही निसर्गाचं. आणि त्यावर औषधाविना पक्का उपायही 1942 मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने नोंदवून ठेवला आहे : वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले किंवा निकामी झाले, त्यांना टक्कल पडत नाही. ही स्कीम आपल्या पॅकेजमध्ये अजून दिसली नाही.

आता आपल्या शत्रूपक्षाची फाइल. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. रुग्णांच्या अंगावर नको तिथे केस उगवायला लागले, तो साईड इफेक्टच बाटलीत भरला गेला आणि 1988 मध्ये अमेरिकेत टकलासाठी मंजूर झाला. फिनास्टेराइडची कथा डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांपासून सुरू होते. तिथल्या काही पुरुषांच्या शरीरात डीएचटी बनवणारं एन्झाइम जन्मतःच अपुरं होतं. 1974 मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास छापून आला. त्यांचं प्रोस्टेट लहान राहायचं आणि कपाळ मागे सरकायचं नाही. त्या एन्झाइमला अडवणारी गोळी 1992 मध्ये प्रोस्टेटसाठी आली, आणि 1997 मध्ये 1 मिलिग्रॅमची टकलासाठी.

दोन्हींच्या खोडी कागदावर आहेत. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर आधी काहींचे केस जास्तच गळतात, आणि बंद केलं की काही महिन्यांत कमावलेलं सगळं परत जातं. फिनास्टेराइडने काही पुरुषांची कामेच्छा कमी होते, ताठरतेचा त्रास होतो. बहुतेकांचा गोळी थांबवल्यावर जातो, काहींचा रेंगाळल्याच्या तक्रारी आहेत. 2025 मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हाही तिचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा ती जवळपास निम्म्यावर आणते, तेव्हा डॉक्टरला सांगावं लागतं. आमची पोरं ही यादी वाचून दचकतात आणि आपल्या दारात येतात. दचकणं चूक नाही. पण ही यादी लांब आहे याचं एक कारण ती कुणीतरी बसून लिहिली. आपली यादी शून्य, कारण आपल्याकडे रजिस्टरच नाही. ज्या खात्यात तक्रारवहीच ठेवलेली नाही त्याचं रिजेक्शनही शून्यच असतं; आमच्या जुन्या पेंट शॉपचं असंच होतं.

आणि सॉ पाल्मेटो? ही अमेरिकेतल्या ताडासारख्या झुडपाची फळं. ती त्याच एन्झाइमला अडवतात असं आपणच जाहिरातीत सांगता. मग त्याच जागी तोच बोल्ट आवळला, तर चांगलं-वाईट दोन्ही तिथूनच येणार. केस उगवण्याइतकं ते जोरदार असेल तर दुष्परिणामही करेल. दुष्परिणाम अजिबात नसेल तर केसांचंही काही खरं नाही. यातलं एक काहीतरी निवडा आणि तेवढंच रिक्षावर लिहा.

निसर्गाशी आमचं वैर आहे असं मात्र समजू नका. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आहे. 1954 साली स्थापन झालेला, देशातला सरकारी क्षेत्रातला पहिला औषध कारखाना. एचए कॉलनी, नेहरूनगर ही नावं इथल्या प्रत्येकाच्या तोंडात आहेत. तिथे बनलेलं पेनिसिलिन हे बुरशीचं देणं, म्हणजे आपल्या व्याख्येने शंभर टक्के नैसर्गिक. पण तिथे कुणी रुग्णाला शिळी भाकरी चाटायला दिली नाही. बुरशी वाढवली, तिच्यातलं नेमकं द्रव्य काढलं, शुद्ध केलं, मोजलं, बाटलीवर मात्रा आणि तारीख घातली, आणि काहींना त्याची जबरदस्त ॲलर्जी येते हेही लिहिलं. आपण नेमकं हेच सोडून बाकी सगळं करता.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक हा आपला दुसरा लाडका मुद्दा. 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. बायका, पोरं, म्हातारी, सगळी. आधी शॅम्पूवर संशय, मग पाण्यावर. आयसीएमआरचं पथक येऊन गेलं. विंचूदंशावरच्या कामामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे. गहू नैसर्गिक, सेलेनियम नैसर्गिक; शरीराला ते थोडं लागतंही. जास्त झालं की केस उतरतात. आणि आपल्या ‘हेअर’ कॅप्सूलच्या डबीमागे घटकांची यादी वाचली तर कित्येकदा हेच सेलेनियम तिथे बसलेलं असतं.

कायद्याचंही विचारायचं होतं. 1945 च्या औषध नियमांच्या ‘शेड्यूल जे’मध्ये, कुठल्याही औषधाने बरं करण्याचा दावा करू नये अशा रोगांच्या यादीत, टक्कल बसलेलं आहे. बहुधा म्हणूनच आपण कधी औषध असता, कधी सौंदर्यप्रसाधन, कधी फूड सप्लिमेंट आणि इन्स्पेक्टर आला की नुसतंच तेल.

आता आमची मागणी. पैसे परत नकोत, ते गेलेच. पण वर्षं परत द्या. मूळ बारीक होत असताना वेळेवर उपाय झाला तर पुष्कळदा ते टिकतं. पूर्ण बुजल्यावर गोळी काय आणि पारंब्या काय. चोविसाव्या वर्षी आपली पहिली बाटली घेणारा पोरगा तिसाव्या वर्षी त्वचारोगाच्या ओपीडीत पोचतो, आणि मधली सहा वर्षं कांदा, माका, रोझमेरी अशी रांगेने खर्ची पडलेली असतात. बाटलीवर दुष्परिणाम लिहायची कधी इच्छा झालीच, तर हा लिहा.

ज्याला काहीच करायचं नाही त्याचंही आम्हाला कौतुक आहे. टकल्या सहसा गरीब नसतो असं सुभाषितकार सांगून गेले. त्यांनी कंत्राटी कामगारांची पगाराची स्लिप पाहिली नव्हती, एवढंच. आमच्या डिस्पॅचमधल्या एकाने परवा मशीन फिरवून सरळ गुळगुळीत केलं आणि पुढच्या महिन्यात आळंदीत बोहल्यावर उभा राहतोय. मुलीकडच्यांनी विचारलं ते फक्त कायम आहेस की कंत्राटी.

कळावे, लोभ बॅच नंबर मिळाल्यावर.

आपला,
क्वालिटी विभाग, फर्स्ट शिफ्ट

ता. क. : गेल्या रक्तदान शिबिरात फिनास्टेराइड घेणाऱ्या पोराला डॉक्टरांनी परत पाठवलं. शेवटच्या गोळीनंतर महिनाभर रक्त देता येत नाही. ते गरोदर बाईला चढलं तर पोटातल्या मुलाच्या वाढीला धोका. आपलं तेल लावणारे तिघं मात्र आडवे झाले, रक्त दिलं, बिस्किटाचा पुडा घेऊन आले. त्यांना तेलाबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. हा आपला विजय म्हणून उद्या व्हॉट्सॲपवर टाकाल, म्हणून आधीच कळवतो : डॉक्टरांच्या मते आपण रक्तापर्यंत पोचतच नाही.