सोमवारपासून

भाऊंचा सोमवार अजून उजाडायचा आहे. कॅलेंडरवरचे सोमवार येतात आणि जातात. त्या दिवशी भाऊ डबा घेऊन रोह्याहून पेणच्या कचेरीत जातात आणि संध्याकाळी परत येतात. पण ज्या सोमवारपासून ते पहाटे कुंडलिकेच्या काठाने चालायला जाणार आहेत, पोटमाळ्यावरची बाजाची पेटी खाली काढणार आहेत आणि रोह्याचा इतिहास लिहायला घेणार आहेत, तो सोमवार वेगळा. तो पंचांगात सापडत नाही.

असे भाऊ प्रत्येक आळीत एक तरी असतात. त्यांना आळशी म्हणणं हा आळशांचा अपमान आहे. आळशी माणूस काम टाकतो आणि निवांत झोपतो. भाऊंना आपलं काम राहिलंय हे झोपेतही ठाऊक असतं. काम पुढे ढकलायला ते जेवढे कष्ट घेतात, तेवढ्या कष्टांत ते काम दोनदा होऊन गेलं असतं.

त्यांची ही साधना मुख्यतः परतीच्या गाडीत चालते. पेणला खिडकी मिळाली की भाऊंना हुरूप येतो. कासूला संकल्प सुटतो. नागोठण्याला त्याचं तपशीलवार नियोजन होतं, कोणत्या रंगाची वही आणायची इथपर्यंत. निडीला अडचणी दिसू लागतात. आणि रोह्याला उतरताना भाऊ शेजारच्याला म्हणतात, "बघू, सोमवारपासून."

रोह्यासारख्या गावात राहून हे जमवणं सोपं नाही. इथे मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. १९९० साली काम हाती घेतलं, डोंगर फोडले, नद्या ओलांडल्या आणि २६ जानेवारी १९९८ ला ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा मार्ग खुला केला. पण भाऊंचा आदर्श रेल्वे नाही, मुंबई-गोवा हायवे आहे. पनवेल ते इंदापूर ८४ किलोमीटर, चौपदरीकरण सुरू झालं २०११ ला. त्यानंतर किती तारखा जाहीर झाल्या आणि किती गणपतींना चाकरमानी त्या खड्ड्यांतून गावी आले, ते अवघ्या कोकणाला पाठ आहे. "एवढं सरकार, एवढी यंत्रं, त्यांचं होत नाही," भाऊ म्हणतात, "आणि तुम्ही माझ्या पेटीचं काय घेऊन बसलाय?"

थोरामोठ्यांचे दाखलेही भाऊ मोठ्या कौशल्याने वापरतात. चिंतामणराव देशमुख रोह्याच्या घराण्यातले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. भाऊंना त्यांच्या चरित्रातली एकच गोष्ट लक्षात राहिली आहे : आत्मचरित्र प्रसिद्ध झालं १९७४ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. "मी तर अजून पंचावन्नचा आहे. घाई कसली?" त्याआधीच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांत माणसाने काय काय केलं, आयसीएसला पहिला आला, मेघदूत मराठी पद्यात आणलं, याकडे भाऊ वळत नाहीत. रोह्यातच जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी १९४२ साली, जेमतेम बाविशीत, पाठशाळेत प्रवचनं सुरू केली, हे तर त्यांच्यासमोर काढायचंच नाही.

पण भाऊंच्या सगळ्या संकल्पांचा मुकुटमणी म्हणजे गणपती. दीड दिवसाचा का होईना, पण आपल्या हातांनी घडवलेला शाडूचा गणपती घरात बसवायचा. कचेरी पेणला, म्हणजे गुरुगृहीच! पेण, हमरापूर, जोहे. या पट्ट्यात घरटी नाही म्हटलं तरी एक माणूस मूर्तीच्या कामाशी बांधलेला. एका वर्षीचं विसर्जन उरकलं की पुढच्या वर्षीच्या साच्यांचं काम सुरू होतं. कच्च्या मूर्ती गावोगाव जातात, परदेशच्या पेट्या उन्हाळ्यातच बंदरावर पोचाव्या लागतात. ते सगळं भाऊ जेवणाच्या सुट्टीत वर्षानुवर्षं बघत आले आहेत.

एकदा ते एका कारखान्यात डोळ्यांची आखणी बघत उभे होते. रंगवलेल्या मूर्तींची रांग लागलेली, समोर पाटावर कारागीर, हातात केसाएवढी बारीक कुंचली. एक श्वास रोखायचा, पापणीची रेघ ओढायची, श्वास सोडायचा, पुढची मूर्ती. भाऊंना भरून आलं. त्यांनी विचारलं, "याला आतून काही वाटावं लागत असेल ना हो? म्हणजे मूड?"

कारागीर मान वर न करता म्हणाला, "भाऊ, जरा उजेडातनं सरका."

भाऊ सरकले. पण उत्तर मिळालंय हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

तयारीत मात्र त्यांनी कधी कसूर केली नाही. लाकडी कोरण्यांचा संच आणला. ॲप्रन शिवून घेतला. मोबाइलमध्ये मूर्तिकलेचे इतके व्हिडिओ साठवले की फोनमध्ये जागा उरली नाही. पेणहून शाडूची पिशवी आणली. ती पावसाची हवा पिऊन आणि उन्हाळ्यात वाळून दगड झाली. दर मे महिन्यात वहिनी गच्चीवर पोह्याचे पापड आणि मिरगुंडं घालतात, तेव्हा प्लास्टिक उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर तीच पिशवी ठेवतात. "यांच्या गणपतीचा उपयोग नाही असं कोण म्हणेल?" असं त्या म्हणतात.

आणि मुहूर्त? विसर्जन झालं की भाऊ म्हणणार, धावीर महाराजांची पालखी होऊ दे. पालखी झाली की दिवाळी. मग माघी गणपती, मग शिमगा, मग पाडवा. पाडवा साडेतीन मुहूर्तांतला एक, म्हणून नवी कोरणी खरेदी. मग लग्नसराई, मग मुंबईचे पाहुणे, मग आंबे. मग पाऊस, त्यात माती वाळत नाही. मग गणपती आलेच. २०२३ ला अधिक श्रावण आला, गणपती थेट १९ सप्टेंबरला गेले. महिनाभर फुकट मिळाला! भाऊ म्हणाले, "अधिकात नवं काही सुरू करू नये." २०२४ ला लोकसभा आडवी आली. २०२५ उजाडलं तेव्हा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचा प्रश्न उच्च न्यायालयात होता, सगळं पेण धास्तावलेलं होतं. भाऊही गंभीर झाले. "कोर्टाचं काय ते ठरू दे." जूनमध्ये कोर्टाने मूर्ती बनवायला परवानगी दिली, विसर्जनावर बंधनं ठेवली. भाऊंना शाडूचा गणपती करायचा होता. शाडूवर बंदी कुणी घातलीच नव्हती.

आतली गोष्ट वेगळीच होती, आणि ती वहिनींना पक्की ठाऊक होती. भाऊंना 'करायला गेलो गणपती आणि झाला मारुती' या म्हणीची भीती वाटे. जोवर मूर्ती मनात आहे, तोवर ती पेणच्या कुठल्याही मूर्तीपेक्षा देखणी आहे. हात लावला की सोंड जाड होणार, कान वेगळे होणार, लोक हसणार. मात्र ज्याने ती म्हण काढली, त्याने निदान मारुती तरी केला होता, हे भाऊंना कधी सुचलं नाही.

आता या माणसाची दुसरी बाजू बघा. आळीतल्या म्हाताऱ्यांची विजेची बिलं मुदतीच्या आधी कोण भरतं? भाऊ. कुणाचा सातबारा अडकला, तलाठ्याकडे चार चकरा कोण मारतं? भाऊ. अलिबागला सिव्हिलमध्ये रिपोर्ट आणायचाय, भाऊ रजा टाकून जातात. गणपतीच्या आधी आळीतल्या सगळ्या घरांचे पाट गोळा करून, प्रत्येकावर खडूने नाव घालून, ते आषाढातच पेणच्या कारखान्यात पोचवणारे भाऊ. हरतालिकेच्या आधी टेम्पो करून, मूर्तींमध्ये गाद्या कोंबून, भिसे खिंडीच्या वळणांवर ड्रायव्हरला "हळू, बाबा, हळू" करत त्या सुखरूप आणणारेही भाऊच. दुसऱ्याच्या कामाला हा माणूस एक मिनिट उशीर करत नाही. त्याची सगळी थकबाकी फक्त स्वतःकडे.

पुस्तकं सांगतात, आधी प्रेरणा शोधा. वहिनींनी पुस्तकं वाचली नव्हती; त्यांनी संसार केला होता. ६ जुलैला आषाढी एकादशी झाली आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या काकूंचा पाट त्यांनी भाऊंच्या हातात दिला. "हा पेणला न्यायचा नाही. काकूंना यंदा तुमच्या हातचा गणपती हवाय. त्यांनी आळीत सांगितलंय, आणि पुण्याच्या मुलालाही."

भाऊ पांढरे पडले. दुसऱ्या दिवशी पाट घेऊन गुपचूप कारखान्यात गेलेच. कारखानदार म्हणाला, शाडूच्या ऑर्डरी कधीच बंद झाल्या. भाऊ पाट घेऊन घरी परत आले. परतताना निडी आलं तरी त्यांना एकही अडचण दिसली नव्हती, कारण अडचण मांडीवरच होती.

मग गच्चीवरची पिशवी खाली आली. शाडूची ही मोठी सोय असते : कितीही वाळली तरी ती पाण्यात पुन्हा विरघळते. भाऊंनी माती फोडली, बादलीत भिजवली, फडक्याने गाळली, तिंबली. आधी बैठक आणि पोट, मग मांड्या, मग हात, शेवटी मस्तक आणि सोंड. पहिल्या दिवशी डोकं मानेवरून घसरलं. भाऊ सवयीने म्हणाले, "राहू दे, सोमवारी बघू." वहिनी म्हणाल्या, "बघा की. काकूंना तसं कळवून येते." भाऊंनी डोकं परत बसवलं. मूर्ती वाळायला सावली हवी, पण वारा हवा. बाहेर धो धो पाऊस. दिवसदिवस टेबलफॅन गणपतीकडे तोंड करून चालला आणि घरातली माणसं घामाघूम झाली. मानेला बारीक चीर पडली. भाऊंनी पातळ मातीचा लेप बोटाने भरला, तो वाळल्यावर पुन्हा भरला. हे त्यांना कुठल्याच व्हिडिओने शिकवलं नव्हतं. रोज कचेरीतून आल्यावर चहाआधी ते मूर्तीकडे जाऊ लागले. हुरूप यायचा तो काम सुरू झाल्यावर पाऊण तासाने; मग जेवायला हाका मारल्या तरी भाऊ हलायचे नाहीत. वर्षानुवर्षं ते गाडीत ज्याची वाट बघत होते, ती गोष्ट बादलीच्या तळाशी होती.

अधिक महिन्याने मोकळा वेळ दिला त्या वर्षी जे जमलं नाही, ते गणपती २७ ऑगस्टलाच आले त्या वर्षी जमलं. आदल्या संध्याकाळी काकू चष्मा पुसून आल्या. मूर्तीला पुढून, बाजूने, मागून पाहिलं. भाऊ श्वास रोखून उभे. काकूंनी शेवटी निर्वाळा दिला, "गणपतीच आहे."

सोंड जाड आहे, उंदीर अंमळ मांजराएवढा आहे, डावा डोळा थोडा मिश्कील झाला आहे. पण पाटावर बसला, आरती झाली आणि आळीतल्या तीन घरांनी पुढच्या वर्षासाठी भाऊंकडे पाट आधीच लावून ठेवले.

वहिनींना सूत्र सापडलं ते सापडलंच. पेटी आता पोटमाळ्यावर नाही; शेजारच्या पोरीला दर गुरुवारी स्वर दाखवायचे कबूल झालंय, म्हणून भाऊ बुधवारी रात्री स्वतः शिकतात. नदीपलीकडच्या एका निवृत्त मास्तरांना पहाटे दूध आणि पेपर पोचवायचं कामही वहिनींनी परस्पर घेतलंय. भाऊ रोज साडेपाचला निघतात, पुलावरून जातात, येताना काठाकाठाने येतात. पँट ढिली झालीय, पट्ट्याला नवं भोक पाडलंय. परवा भेटले तर दम न लागता म्हणाले, "चालायला जायचंय हो रोज, पण या दुधाच्या फेरीत वेळच मिळत नाही."