जबडा जरा पुढे

घोरणाऱ्याला आरोपी मानायची आपल्याकडे रीत आहे. पण गुन्हा घडताना आरोपी गाढ झोपलेला असतो, त्यामुळे सकाळी चहाच्या वेळी तो छातीठोकपणे सांगतो, "मी आणि घोरतो? छे! माझा तर रात्रभर डोळाच लागला नाही."

लग्नाच्या आदल्या रात्री जानवशात हा खटला रंगतो. गाद्या ओळीने टाकलेल्या, पंखा एकच, आणि काका, मामा, आत्याचे यजमान आपापल्या पट्टीत सुरू झालेले. त्यातल्या एका काकांचा आवाज चढत चढत जातो आणि मध्येच तुटतो. एकदम शांतता. शेजारचे पुतणे "सुटलो" म्हणून पांघरूण ओढतात. खरं तर घाबरायचं असतं ते नेमकं तेव्हाच.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे घसरते आणि अरुंद झालेल्या वाटेतून हवा जाताना मऊ टाळू आणि पडजीभ थरथरतात. घोरणं ते एवढंच. वाट पुरती मिटली की आवाजही मिटतो. छाती-पोट धडपडत राहतात, हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो, शेवटी मेंदू दचकून उठवतो आणि काका मोठ्ठा हुंकार देऊन कूस बदलतात. त्यांना यातलं काहीच आठवत नाही. श्वास दहा सेकंद किंवा अधिक थांबला, किंवा फारच उथळ झाला, की डॉक्टर ते मोजतात. तासाला पाचपर्यंत चालतं. ३० च्या वर गेलं की श्वास अडकण्याचा हा आजार गंभीर. म्हणजे काका आठ तास अंथरुणावर असतात, पण सलग झोप त्यांना मिळतच नाही. मग मंगलाष्टकं चालू असताना पहिल्या रांगेत त्यांची मान छातीवर पडते आणि वऱ्हाड हसतं. हेच काका रात्री गाडी चालवत घरी निघतात, तेव्हा मात्र हसू येऊ नये. शिवाय रक्तदाब वाढतो, तो वेगळाच.

या आजारावरचं नावाजलेलं यंत्र म्हणजे सीपॅप. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी ते जगापुढे मांडलं. नाकावरच्या मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवायचा. आजार गंभीर असेल तर पहिला मान त्याचाच. पण मुखवटा बांधून झोपणं सगळ्यांना जमत नाही. अशांना डॉक्टर कधीकधी दातांच्या डॉक्टरांकडे धाडतात.

मला याचं हसूच आलं होतं. घोरतो घसा, आणि खुर्चीत बसून आ करायचा दातांनी! पण जीभ पुढून खालच्या जबड्यालाच बांधलेली असते. जबडा पुढे आला की तीही पुढे येते. खालचा जबडा पुढे काढून मुद्दाम घोरून पाहा. (दार लावून पाहा, नाहीतर घरचे वेगळीच शंका घेतील.) बहुतेकांना घोरणं अवघड जातं.

दंतवैद्य दोन्ही जबड्यांची मापं घेऊन वरचा-खालचा साचा करतात आणि जबडा हळूहळू, मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे आणतात. साध्या घोरण्याला आणि सौम्य ते मध्यम आजाराला याचा चांगला उपयोग होतो. आधी झोपेची तपासणी मात्र हवीच. नुसता आवाज बंद झाला आणि श्वास तसाच अडकत राहिला, तर पुतण्यांची सोय झाली, काकांची नाही. सुरुवातीला लाळ फार सुटते, जबडा दुखतो, सकाळी थोडा वेळ दातांवर दात नीट बसत नाहीत. वर्षानुवर्षं वापरल्यावर दात किंचित सरकूही शकतात, म्हणून अधूनमधून दाखवत राहायचं.

आणि साचा धरून ठेवायला तोंडात पुरेसे मजबूत दात लागतात. त्यामुळे जानवशातले सर्वांत दमदार कलावंत, म्हणजे ज्यांची कवळी रात्री उशाशी वाटीत असते ते आजोबा, या उपायातून बहुधा वगळले जातात. त्यांच्यासाठी सीपॅपच. तो प्लगला लावायचा असतो, तेव्हा पुढच्या लग्नाला एक्स्टेन्शन बोर्ड न्यायला विसरू नका. जानवशात प्लग एकच असतो आणि त्यावर नवरदेवाचा फोन लावलेला असतो.